पाच विषय, एक एच-इंडेक्स: जैववैद्यकीय संशोधकाच्या सायटेशनचा हिशेब कसा मांडावा

संशोधकाचा एच-इंडेक्स, म्हणजे त्याच्या पेपरांचा प्रभाव मोजणारा आकडा, ४२ असेल तर तो भारी की साधारण, हे नुसत्या आकड्यावरून सांगणारा माणूस एकतर घाईत असतो, नाहीतर त्याचा निकाल आधीच ठरलेला असतो. जैववैद्यकीय क्षेत्रात हा घोळ जास्तच, कारण इथली माणसं एका विषयात बसून राहत नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी, इम्युनॉलॉजीत पोस्टडॉक, मग हॉस्पिटलात क्लिनिकल ट्रायल आणि पन्नाशीनंतर सार्वजनिक आरोग्य, असा प्रवास सर्रास दिसतो. प्रत्येक विषयात सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी दिलेला हवाला, मिळण्याचा वेग वेगळा, एका पेपरवरच्या लेखकांची संख्या वेगळी आणि नावांच्या क्रमाचा अर्थही वेगळा. प्रोफाइलवर मात्र शेवटी एकच आकडा झळकतो.

म्हणून हिशेब पेपरपासून सुरू करायचा, माणसापासून नाही. आधी प्रत्येक पेपर त्याच्या वर्षाच्या आणि विषयाच्या इतर पेपरांशी ताडून बघायचा, मग विषयवार गठ्ठे करायचे आणि अगदी शेवटी माणसाकडे यायचं. निवड समितीवर बसणारे, गाइड शोधणारे विद्यार्थी, ग्रंथपाल आणि विज्ञानाच्या बातम्या लिहिणारे, सगळ्यांना हीच पद्धत चालते. शंभर-सव्वाशे पेपरांच्या माणसाला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. त्यातला निम्मा वेळ नावांच्या गोंधळात जातो, हे आधीच धरून चला.

एच-इंडेक्स ४२ म्हणजे ४२ पेपर असे, की त्यातल्या प्रत्येकाला किमान ४२ सायटेशन आहेत. ही कल्पना २००५ साली जॉर्ज हिर्श यांनी मांडली. ते भौतिकशास्त्रज्ञ, आणि मोजमाप मुख्यतः भौतिकशास्त्रज्ञांसाठीच होतं. त्यांच्या त्याच लेखात भौतिकशास्त्रातले एडवर्ड विटन ११० वर आहेत आणि मेंदूविज्ञानातले सॉलोमन स्नायडर १९१ वर. म्हणजे विषय बदलला की मोजपट्टी बदलते, हे पहिल्याच दिवशी कागदावर आलं होतं. नंतर ते सोयीस्करपणे विसरलं गेलं.

यादी जमवताना

सुरुवात ऑर्किडपासून करा. हा संशोधकाची ओळख सांगणारा सोळा अंकी क्रमांक २०१२ च्या ऑक्टोबरपासून मिळायला लागला. संशोधकानं तो स्वतः भरलेला असतो, त्यामुळे अलीकडचे पेपर बहुधा असतात आणि जुने गायब. तिथली यादी हा पाया, पूर्ण यादी नव्हे.

मग पबमेड, म्हणजे जैववैद्यकीय पेपरांचा मोफत माहितीसाठा. इथे आडनाव, पुढे आद्याक्षरं आणि चौकोनी कंसात एयू, असं टाकून शोधतात. ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की २००२ च्या आधीच्या नोंदींत पूर्ण नाव मिळतच नाही, फक्त आद्याक्षरं. मराठी नावांची खरी अडचण इथे येते. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये काम केलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे पेपर ‘रणदिवे के जे’ या नावानं सापडतात. त्यातला ‘जे’ म्हणजे जयसिंग, पतीचं नाव. ज्या बाईंचं लग्न पहिल्या पेपरनंतर झालं, त्यांचं आडनाव आणि मधलं अक्षर दोन्ही बदललेलं असू शकतं. म्हणून महिला संशोधकांसाठी माहेरचं आडनाव आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर घालून दुसरा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाहीतर कारकिर्दीची पहिली सहा-सात वर्षं यादीतून गळतात आणि ‘वर्षाला किती पेपर’ हा हिशेबही चुकतो.

शिवाय रोमन लिपीतलं स्पेलिंग. फडके कुणी पीएच लावून लिहितं, कुणी एफ. दीक्षित कधी एक्सनं, कधी केएसएचनं. वाघ कधी व्हीनं, कधी डब्ल्यूनं. एकाच माणसाच्या दोन पेपरांत दोन स्पेलिंग सापडणं ही नवलाची गोष्ट नाही, जर्नलच्या संपादकांनीही बदललेली असतात.

उलटी अडचण जोशी, पाटील, कुलकर्णी, देशपांडे यांची. ‘पाटील एस’ टाकलं तर पेपरांचा ढीग पडतो. अशा वेळी खात्रीचा एक पेपर हातात घ्या, त्यातले सहलेखक आणि संस्था नोंदवा. मग प्रत्येक संशयित पेपरसाठी तीन गोष्टी तपासा: संस्था, सहलेखक, विषय. तिन्हींपैकी दोन जुळल्या तर आत, एकच जुळली तर बाजूच्या यादीत. विषय हा निकष एकटा कधीच वापरू नका. ज्या माणसानं चार शाखांत काम केलंय, त्याचे अस्सल पेपर त्यानं बाहेर पडतात.

स्कोपस हा पेपर आणि सायटेशनचा माहितीसाठा २००४ पासून आहे आणि लेखकांची प्रोफाइल तिथे आपोआप तयार होतात. विषय आणि संस्था दोन्ही बदलल्या की यंत्राला वाटतं माणूसच दुसरा. त्यामुळे आपल्याला हवा तोच संशोधक, म्हणजे शाखा ओलांडणारा, दोन-तीन प्रोफाइलमध्ये विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याचा एच-इंडेक्स खऱ्यापेक्षा कमी दिसतो. हे तुकड्यांचे एच-इंडेक्स बेरजेनं जोडता येत नाहीत. १२, ९ आणि ७ असतील तर एकत्रित आकडा १२ पेक्षा कमी नसणार आणि २८ पेक्षा जास्त नसणार, एवढंच आधी सांगता येतं. नेमका किती, ते पेपर एकत्र लावूनच कळतं. प्रोफाइल जोडण्याची विनंती स्कोपसकडे करता येते, पण दुरुस्ती लगेच दिसेल अशी आशा धरू नका. घाई असेल तर दोन्ही याद्या उतरवून शीटमध्येच जोडा.

गूगल स्कॉलर सगळं गोळा करतं: प्रबंध, परिषदेतली पोस्टर, प्रीप्रिंट आणि त्याच पेपरची छापील आवृत्तीही. त्यामुळे तिथला आकडा जवळजवळ नेहमीच मोठा. तो राहून गेलेले पेपर शोधायला वापरा, मोजायला नको. कॉलेजात स्कोपसची वर्गणी नसेल तर २०२२ पासून सुरू असलेलं ओपनअ‍ॅलेक्स फुकट आहे, तेही चालेल. फक्त एक पथ्य: एकदा मोजायला जो स्रोत घेतला तोच शेवटपर्यंत. दोन उमेदवारांपैकी एकाचा आकडा स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेतलेली तुलना थेट फाडून टाकावी अशी असते.

शीट

एक पेपर, एक ओळ. रकाने असे: वर्ष, पबमेड क्रमांक, जर्नल, प्रकार, एकूण लेखक, आपल्या माणसाचं स्थान, कॉरस्पॉन्डिंग ऑथर (पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक) आहे का, विषयाचा गठ्ठा, सायटेशन, त्यातली सेल्फ-सायटेशन (स्वतःच्याच पेपरांतून आलेली), विषयानुसार काढलेलं गुणोत्तर आणि शेरा. सायटेशनच्या रकान्याच्या डोक्यावर स्रोत आणि तारीख लिहा. आकडा रोज हलतो. तारीख नसेल तर पुढच्या महिन्यात कुणीतरी ‘तुमचा आकडा चूक आहे’ म्हणत येणार.

‘प्रकार’ हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण सगळ्यात जास्त भ्रम तोच दूर करतो. मूळ संशोधन, रिव्ह्यू, पद्धतीचा पेपर, मार्गदर्शक सूचना, केस रिपोर्ट, संपादकाला पत्र आणि मोठ्या गटाचा पेपर, असे सात तरी वर्ग करा.

पद्धतीच्या पेपरचं गणित न्यारंच असतं. प्रथिनं मोजण्याची पद्धत सांगणारा लाउरी यांचा १९५१ चा पेपर. ‘नेचर’नं २०१४ साली सर्वाधिक सायटेशनच्या शंभर पेपरांची यादी काढली तेव्हा तो पहिला होता, तीन लाखांहून जास्त सायटेशन घेऊन. त्याच यादीत डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा पेपर नव्हताच. लोक प्रयोगशाळेत जे रोज वापरतात ते साइट करतात. ज्यानं विचार बदलला ते पाठ्यपुस्तकात जातं आणि मग कुणी साइट करत नाही. त्यामुळे एखाद्याच्या एकूण सायटेशनपैकी साठ-सत्तर टक्के एका पद्धतीच्या पेपरचे निघाले तर ते दोष म्हणून लिहू नका. उपयुक्त काम आहे ते. पण बाकीच्या पेपरांपासून वेगळं दाखवा.

कॅन्सरच्या जागतिक आकडेवारीचे लेख असेच. ते छापणाऱ्या अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या जर्नलचा २०२० चा इम्पॅक्ट फॅक्टर ५०८ च्या वर गेला, मुख्यतः अशा मोजक्या लेखांच्या जोरावर. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलच्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांना चालू वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख. ती सरासरी आहे, आणि अशा सरासरीवरून त्याच जर्नलमधल्या दुसऱ्या एखाद्या लेखाबद्दल काहीही सांगता येत नाही. शीटमध्ये इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना ठेवायचाच नाही. रकाना दिसला की समितीतलं कुणीतरी त्याची बेरीज करतंच.

विषयाचे गठ्ठे

बहुतेक साधनं पेपरचा विषय जर्नलवरून ठरवतात. एका विषयात राहणाऱ्यांना ते पुरतं. आपल्या माणसाला नाही.

शंभुनाथ डे यांचं उदाहरण घ्या. कलकत्त्यातले पॅथॉलॉजिस्ट. १९५३ साली त्यांनी आणि चॅटर्जी यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात कॉलऱ्याचे जिवाणू सोडण्याची पद्धत मांडली. १९५६ च्या पेपरात तीच पद्धत ई. कोलायवर लावली. १९५९ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की जिवाणू गाळून काढलेला द्रवसुद्धा आतड्यात पाणी साठवतो, म्हणजे कॉलरा विषामुळे होतो. पॅथॉलॉजी, जिवाणूशास्त्र, आतड्याचं शरीरक्रियाशास्त्र, पुढे विषाचं रसायन, एवढ्या ठिकाणी हे काम जातं. जर्नलवरून विषय ठरवणाऱ्या यंत्राला १९५९ चा पेपर दिला तर ते म्हणेल ‘बहुशाखीय’, कारण ‘नेचर’ बहुशाखीय. त्या उत्तराचा उपयोग शून्य.

म्हणून पेपर उघडा, पबमेडच्या नोंदीखाली मेश या ठरावीक विषयसूचीतले शब्द असतात ते बघा, आणि हातानं गठ्ठा ठरवा. गठ्ठे तीन ते पाच. त्याहून जास्त केले तर प्रत्येकात चार-सहा पेपर उरतात आणि कुठलंही गुणोत्तर काढायला अर्थ राहत नाही. पेपर दोन विषयांत बसत असेल तर अर्धा-अर्धा वाटा. दोघांनी स्वतंत्रपणे वीस पेपर वाटून बघावेत. पाचपेक्षा जास्त ठिकाणी मतभेद झाले तर गठ्ठ्यांची व्याख्याच सैल आहे, ती आधी आवळा.

एका पातळीवर आणणं

कसोटीतला स्ट्राइक रेट टी-ट्वेंटीच्या शेजारी ठेवून खेळाडू निवडत नाहीत, तसंच हे. हाताशी दोन साधनं आहेत.

स्कोपसचं एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट): त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखांना सरासरी जितकी सायटेशन मिळाली त्याला १ मानून आपला पेपर किती पट, हे सांगतं. पेपर आलेलं वर्ष आणि पुढची तीन वर्षं एवढाच काळ ते धरतं. विषय मात्र जर्नलवरूनच, त्यामुळे वरची अडचण कायम.

दुसरं आरसीआर (रिलेटिव्ह सायटेशन रेशो), अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्यसंशोधन संस्थेतल्या गटानं २०१६ मध्ये मांडलेलं. हे पेपरचा विषय जर्नलवरून न ठरवता, आपल्या पेपरसोबत आणखी कुठले पेपर साइट होतात त्यावरून ठरवतं. एनआयएचच्या अनुदानावर झालेल्या पेपरांचा मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, तो १. आयसाइट या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. पबमेडवर यादी निवडा, ‘सेव्ह’ दाबून फॉरमॅटमध्ये फक्त पीएमआयडी (पबमेड क्रमांक) घ्या, ती फाइल आयसाइटला द्या, आलेला तक्ता शीटला जोडा. अर्ध्या तासाचं काम. पबमेडबाहेरचे पेपर, म्हणजे अभियांत्रिकी किंवा समाजशास्त्राकडे झुकणारे, यात येणार नाहीत, त्यांची संख्या वेगळी नोंदवा. मागच्या दोन वर्षांतल्या पेपरांचा आरसीआर निर्णयात धरू नका, फार डुगडुगतो.

आरसीआरची एक खोड शाखा ओलांडणाऱ्यांना नेमकी नडते. समजा, कुष्ठरोगावरचा एखादा पेपर अचानक इम्युनॉलॉजीवाल्यांनी उचलला. सायटेशन वाढली. पण आता त्याच्यासोबत साइट होणारे पेपर इम्युनॉलॉजीचे, म्हणजे जास्त सायटेशनच्या मुलखातले. तुलनेची पट्टी वर सरकते आणि आरसीआर उलट खाली येऊ शकतो. सायटेशन चढती आणि आरसीआर उतरता असा पेपर दिसला तर तो शेऱ्यात टिपून ठेवा, बऱ्याचदा तोच सगळ्यात रंजक असतो.

आता सरासरीचा सापळा. चाळीस पेपर, त्यातले ३९ प्रत्येकी ०.८ गुणोत्तराचे आणि एक ६० चा. सरासरी येते २.२८, म्हणजे ‘जागतिक पातळीच्या दुप्पट’. प्रत्यक्षात ३९ पेपर पातळीच्या खाली आहेत. प्रत्येक गठ्ठ्यासाठी मध्यक द्या आणि वरच्या १० टक्क्यांत किती पेपर बसतात ते द्या. सरासरी द्यायचीच असेल तर सर्वांत मोठा पेपर काढून आणि ठेवून, अशी दोनदा.

हे सगळं केल्यावर चित्र कसं पालटतं ते एका कल्पित माणसावर बघू. इम्युनॉलॉजीचे ४० पेपर, सरासरी ५२ सायटेशन, आरसीआरचा मध्यक ०.९. कुष्ठरोगाचे २५ पेपर, सरासरी १७ सायटेशन, मध्यक २.१. प्रोफाइलवरून हा माणूस इम्युनॉलॉजिस्ट. शीट सांगते की त्याचं वजन कुष्ठरोगात आहे. कुष्ठरोगाच्या प्रयोगशाळेसाठी माणूस हवा असेल तर हा फरक लाख मोलाचा.

नाव कितव्या जागी आहे

आजच्या जैववैद्यकीय पेपरात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. हा संकेत आहे, नियम नव्हे, आणि जुना तर नाहीच. ‘बॉम्बे’ रक्तगटाचा १९५२ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर बघा. सात नावं: भेंडे, देशपांडे, भाटिया हे मुंबईचे, मग इंग्लंडमधले सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. शेवटचं नाव विनिफ्रेड वॉटकिन्स यांचं, पण ज्येष्ठ होते ते त्यांच्या आधीचे मॉर्गन. आजचा संकेत लावला तर अर्थ चुकतो. संख्याशास्त्रज्ञ बहुतेक वेळा मधल्या जागी असतात. त्यांच्याकडून ‘फर्स्ट ऑथर किती’ विचारणं म्हणजे त्यांच्या कामाची पद्धतच न समजणं. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलनं २०१५ साली बढतीसाठी फक्त पहिल्या दोन लेखकांना श्रेय देण्याचा नियम काढला होता, आणि त्यावर टीका झाली ती याच मुद्द्यावर.

लेखकसंख्येचा हिशेब घालायचा साधा मार्ग म्हणजे प्रत्येक पेपर १ न धरता १ भागिले लेखक धरणं. वीस पेपर, प्रत्येकावर पाच लेखक, प्रत्येकाला विसाच्या वर सायटेशन: एच-इंडेक्स २०, वाटून काढलेला एच-इंडेक्स ४. शेकडो लेखकांच्या जागतिक रोगभाराच्या पेपरांत हा फरक डोळे उघडतो. अशा पेपरांचा वेगळा गठ्ठा करा आणि मुख्य हिशेब त्यांच्याशिवाय मांडा. त्या माणसानं तिथे नेमकं काय केलं हे पेपरच्या शेवटी योगदानाच्या परिच्छेदात असतं. तो वाचा, फार तर पाच मिनिटं जातात.

सेल्फ-सायटेशन

स्वतःचं आधीचं काम साइट करणं गैर नाही, सलग काम करणाऱ्याला ते करावंच लागतं. जगातल्या सर्वाधिक सायटेशन असलेल्यांच्या २०१९ च्या माहितीसाठ्यात सेल्फ-सायटेशनचा मध्यक १२.७ टक्के होता. त्याच साठ्यात अडीचशेहून जास्त जण असे होते, की त्यांची निम्म्याहून जास्त सायटेशन स्वतःकडून किंवा सहलेखकांकडून आलेली. वीस टक्क्यांपर्यंत फारसं बघू नका. तीसच्या पुढे गेलं तर विषय लहान आहे का ते तपासा. जगात दहाच प्रयोगशाळा ज्या जिवाणूवर काम करतात, तिथे दुसरं साइट करायला असतंच कोण? विषय मोठा असूनही तीस असेल तर साइट करणाऱ्या पेपरांची यादी उघडा. तीच चार-पाच नावं, तेच एखाद-दुसरं जर्नल, एकाच वर्षी उसळी, अशी लक्षणं दिसली की वाचनाचं काम वाढलं म्हणायचं.

‘अव्वल दोन टक्के’

दर वर्षी आपल्या वर्तमानपत्रांत आणि कॉलेजांच्या फलकांवर ही बातमी येते. यादी स्टॅनफर्डच्या जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांची, माहिती स्कोपसची. सहा मोजमापांचा मिळून सी-स्कोर काढतात: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, लेखकांत वाटलेला एच-इंडेक्स आणि एकट्यानं, पहिल्या किंवा शेवटच्या जागी लिहिलेल्या पेपरांची सायटेशन अशी तीन मापं. प्रत्येकाचं लॉगॅरिथम घेऊन जगातल्या कमाल आकड्याच्या लॉगॅरिथमनं भागतात. समजा कमाल तीन लाख आहे. ५,००० सायटेशनना ०.६७५ मिळतात आणि १०,००० ना ०.७३०. सायटेशन दुप्पट झाली, तरी भर फक्त ०.०५५ ची. म्हणून या यादीत जागा, म्हणजे लेखकक्रम, बरीच बोलते.

यादीत नाव आहे असं कुणी सांगितलं तर विचारा: संपूर्ण कारकिर्दीची यादी की एका वर्षाची? सेल्फ-सायटेशन वगळून क्रमांक किती? कोणत्या उपविषयात? यादी प्रत्येकाला एक मुख्य विषय लावते. पाच विषयांत काम वाटलेल्या माणसाची तुलना जिथे त्याचे पेपर जास्त आहेत तिथल्या लोकांशी होते. २०२४ च्या आवृत्तीपासून मागे घेतलेल्या पेपरांचाही रकाना आहे, तो सोडू नका.

सायटेशनची माहिती विकणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या ‘हायली साइटेड’ यादीनं आपल्यासारख्यांसाठी २०१८ पासून ‘क्रॉस-फील्ड’ असा वर्ग काढला. एका विषयात लागणाऱ्या पेपरांचा उंबरठा गाठला नाही, पण प्रत्येक विषयातला उंबरठ्याचा हिस्सा मिळवून बेरीज १ झाली, तर माणूस आत. कल्पना चांगली आहे, आणि घरच्या शीटवरही करता येते.

जे आकड्यात सापडत नाही

सर्वाधिक सायटेशनच्या पाच पेपरांपैकी प्रत्येकाला साइट करणारे दहा लेख निवडा, वेगवेगळ्या गटांचे, आणि ज्या वाक्यात साइट केलंय ते वाचा. चार खुणा पुरतात: पद्धत वापरली, पार्श्वभूमी म्हणून उल्लेख, निष्कर्षाचा आधार घेतला, विरोध केला. पन्नास वाक्यं वाचून जे कळतं ते पाच हजार मोजून कळत नाही. ‘पार्श्वभूमी’च्या खुणा चाळीसच्या पुढे गेल्या तर ते पेपर लोक सवयीनं लावतायत.

उलट बाजूही बघा. ‘बॉम्बे’ रक्तगटाचा उल्लेख असलेले असंख्य लेख १९५२ च्या पेपरचा हवाला देत नाहीत. नावच रूढ झालं की हवाल्याची गरज वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट फार पूर्वी टिपली होती. शोधाच्या नावानं पबमेडवर शोध घेऊन मिळालेली संख्या मूळ पेपरच्या सायटेशनशेजारी लिहिली की ही गळती दिसते.

डे यांच्या १९५९ च्या पेपरकडे सुरुवातीला फारसं कुणी बघितलं नाही. त्यांना नोबेल परिसंवादाचं निमंत्रण आलं ते १९७८ मध्ये, आणि सायटेशन इंडेक्सचे जनक यूजीन गारफील्ड यांनी त्यांच्या कामाचा सायटेशनच्या आधारे मागोवा घेतला तो १९८६ मध्ये. डे १९८५ सालीच वारले होते. दोन-तीन वर्षांच्या खिडकीतून बघणारं कुठलंही मोजमाप त्यांना चुकवणारच होतं. म्हणून दहा वर्षांहून जुन्या प्रत्येक पेपरचा वर्षवार आलेख काढा. शेपूट चढती असेल तर शेऱ्यात लिहा.

शेवटची तपासणी मागे घेतलेल्या पेपरांची. अशा पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा साठा २०२३ पासून क्रॉसरेफ या पेपरांचे डिजिटल क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि मोफत मिळतो. नाव टाकून बघा, पण कारणही वाचा. प्रकाशकाच्या चुकीनं दोनदा छापला गेलेला पेपर आणि बनावट चित्रं, दोघांनाही ‘मागे घेतला’ एवढाच शिक्का बसतो.

टिपण

समितीसाठी एक पान पुरे. नमुना असा:

‘१९९८ ते २०२४ मध्ये ११२ पेपर, त्यात ७८ मूळ संशोधन. तीन गठ्ठे: इम्युनॉलॉजी, कुष्ठरोग, क्लिनिकल ट्रायल. कुष्ठरोगात आरसीआरचा मध्यक २.१, पेपर २५, त्यातल्या १६ वर पहिलं किंवा शेवटचं नाव. ट्रायलचे ९ पेपर मोठ्या गटांचे, मुख्य हिशेबात धरलेले नाहीत. सेल्फ-सायटेशन १४ टक्के. २००४-०६ मध्ये पेपर नाहीत, रजेचा काळ, कारकिर्दीच्या वर्षांतून वजा केला आहे. माहिती स्कोपस आणि आयसाइटची, अमुक तारखेची.’

एच-इंडेक्स द्यायचाच असेल तर शेवटच्या ओळीत द्या, पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांसकट. १६ वर्षांत २४ म्हणजे वर्षाला दीड. वर्षांशिवाय दिलेला २४ तिशीतल्या आणि साठीतल्या माणसाला एकाच रांगेत उभं करतो.

टिपण समितीकडे जाण्याआधी शीट त्या संशोधकाला पाठवा आणि आठवडाभर द्या. ज्याचं मूल्यमापन होतंय त्याला आपली माहिती तपासायला मिळाली पाहिजे, हे संशोधनाच्या मोजमापाबद्दलच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातलं कलम आहे, आणि व्यवहारातही फायद्याचं. परत येणाऱ्या दुरुस्त्या बहुतेक नावाच्या असतात: लग्नाआधीचे चार पेपर राहिलेत, हा पेपर माझा नाही, त्याच आडनावाच्या दुसऱ्या बाईंचा आहे. त्या घाला, तारीख बदला आणि मग सही करा.